चिमटा नव्हे, झोळी

लेझरच्या झोताने सूक्ष्म कण पकडण्याच्या युक्तीला 'प्रकाशचिमटा' म्हणतात, आणि माझं भांडण या नावाशीच आहे. चिमट्याला दोन पाती असतात, तो दाबतो. इथे दाबणारं कोणी नाही.

जुन्या लुगड्याची झोळी आठवा. तान्ह्या मुलाला कोणी धरलेलं नसतं. हातपाय झाडून ते कडेला सरकलं, तरी घरंगळत पुन्हा मध्येच येतं. झोळी अलगद सरकवली, की मूलही तिच्याबरोबर. पाण्यातल्या काचेच्या मण्याचं तसंच. तो भिंगासारखा प्रकाश वळवतो, त्याचा उलटा धक्का त्यालाच बसतो, आणि तो सर्वांत उजळ जागी जाऊन बसतो. पाण्याचे रेणू त्याला सारखे ढोसतात. तो हलतो, परत येतो. म्हणजे चिमटा नव्हे, झोळी!

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत आर्थर ॲश्किन यांनी १९७० साली हे दाखवून दिलं. झोत मण्यांना पुढे ढकलेल, ही अपेक्षा होती. ढकललंच, पण कडेचे मणी मध्यावरही ओढले गेले. मग समोरासमोर दोन झोत लावून मणी अडवला. एकाच झोताची झोळी जमायला १९८६ उजाडलं, कारण पुढे रेटणाऱ्या जोरावर मात करायला सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने झोत फार तीव्रपणे एकवटावा लागतो. पुढच्याच वर्षी जिवाणूही पकडले. हिरव्या प्रकाशात ते मरत. अवरक्त प्रकाशात झोळीतच त्यांची पिलावळ वाढली! ॲश्किन यांना नोबेल मिळालं २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी. घाई करणाऱ्या तरुण मंडळींनी हे ऐकून ठेवावं.

आता झोळी शिवायची कशी? द्रवस्फटिकांच्या पडद्यावर संगणकाने नक्षी काढली, की एका झोताच्या अनेक झोळ्या होतात, हव्या तिथे टांगलेल्या. म्हणजे पकड प्रकाशाच्या आकारात आहे. पाण्यातला हवेचा बुडबुडा घ्या. तो मण्याच्या उलट, उजेडापासून दूर पळतो. त्याच्यासाठी मेदूवड्यासारखा प्रकाश करतात, कडेला उजेड, मध्ये काळोख. बुडबुडा वड्याच्या भोकात अडकून बसतो. यात चिमटा कुठे दिसला तुम्हाला?

वेळ संपला. प्रकाशालाच पीळ घालून कण गरगर फिरवतात, ते सांगायचं राहिलंच...