बाटलींतलें आभाळ



काचेच्या बाटलींत थोडी ओली माती आणि एकदोन लहान रोपें घालून तिला घट्ट बूच बसविलें, तर तीं रोपें किती दिवस जगतील? फार तर आठवडाभर, असें आपण म्हणाल. परंतु इंग्लंडांत डेव्हिड लॅटिमर नांवाच्या गृहस्थांनीं १९६० सालीं अशी एक बाटली लावली, तिला शेवटचें पाणी १९७२ सालीं घातलें, आणि त्यानंतर चाळीस वर्षें उलटलीं तरी आंतील रोप हिरवेंगार होतें!

ही गोष्ट प्रथम लोकांपुढें आणली ती लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनीं. १८२९ सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश झांकलेल्या बरणींत ओल्या मातींत ठेवला. त्या मातींत नेचा व गवत आपोआप उगवलें. पुढें वॉर्डच्या काचपेट्यांतून रोपें समुद्रपार जाऊं लागलीं. रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमधून चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आणलीं तीं अशाच पेट्यांतून.

आंत घडतें तें असें. मुळें मातींतील ओल शोषतात. तें पाणी देठांतून पानांत चढतें आणि पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. मातीच्या पृष्ठभागावरूनहि थोडी वाफ होते. एरवीं ती वाऱ्याबरोबर निघून गेली असती. बुचामुळें ती कोंडते. काच थंड झाली, कीं गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून धरतात तसे थेंब काचेवर आंतून धरतात, ओघळतात आणि पुन्हां मातींत मुरतात. पाणी तेंच फिरत राहतें. प्रकाश मात्र रोज बाहेरून यावा लागतो. अंधारांत रोप मरतें, आणि कडक उन्हांत तें उकडून निघतें. काच दिवसभर धुरकट राहिली, तर पाणी अधिक झालें असें समजून बूच कांहीं वेळ काढून ठेवावें.

आमच्या वऱ्हाडांत, चांदूर बाजारच्या संत्र्यांच्या बागांत, हाच रहाट उघड्या आभाळाखालीं फिरतो. आंबिया बहारासाठीं बागाईतदार हिंवाळ्यांत झाडाला ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो. पानें मलूल होऊन गळूं लागतात. पानांवाटे केवढें पाणी जात असतें, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होय. ताण तोडून पाणी दिलें, कीं झाड फुलावर येतें.

परंतु बागेला बूच नाहीं. विहिरींतून उपसलेलें जें पाणी पानांवाटे वाफ होऊन गेलें, तें वारा कोठल्या कोठें नेतो. त्याच विहिरींत तें परत येईल असा भरंवसा नाहीं. विहीर भरते ती मुख्यतः पावसाळ्यांत मुरलेल्या पाण्यानें. सातपुड्याच्या पायथ्याशीं दगडगोट्यांचा व वाळूचा थर आहे; तेथें पाणी चांगलें मुरतें. तरीहि मुरतें त्याहून अधिक उपसलें जात असल्यानें भूजलाचा अतिउपसा होणाऱ्या तालुक्यांत चांदूर बाजारची गणना झाली आहे. विहिरी आटतात, आणि कूपनलिका अधिकाधिक खोल न्याव्या लागतात.

आपण घरीं मुलांकडून अशी एक बाटली अवश्य लावून घ्यावी. काचेवर पहिले थेंब दिसले, कीं त्यांना विचारावें: आपल्या विहिरीचें पाणी विहिरींत परत यावें, म्हणून आपण काय करूं शकतों? नाल्यावर बांध घालावा, बांधबंदिस्ती करावी, छपरावरचें पाणी मुरवावें, आणि बागेला लागेल तेवढेंच पाणी मुळांशीं थेंबाथेंबानें द्यावें. बाटलींत जें काम बूच करतें, तें येथें माणसांनींच करावयाचें आहे.