युजीन ओनीलचा पत्रव्यवहार



नाटककाराची पत्रे वाचू लागले की एक शंका मनात आल्यावाचून राहत नाही. कवी किंवा निबंधकार पत्र लिहितो तेव्हा तो स्वतःच्या आवाजात बोलत असेल असे गृहीत धरायला हरकत नसते. नाटककाराचा मात्र सारा व्यवसायच दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचा. तेव्हा पत्रातला 'मी' हा तो स्वतः, की त्या एका पत्रापुरते त्याने उभे केलेले पात्र? अमेरिकेचा पहिला थोर नाटककार म्हणून ज्याची गणना होते त्या युजीन ओनीलच्या बाबतीत तर ही शंका पदोपदी येते. एका नटाच्या पोटी, ब्रॉडवेवरच्या एका हॉटेलात, 16 ऑक्टोबर 1888 रोजी तो जन्मला आणि 27 नोव्हेंबर 1953 रोजी बोस्टनच्या एका हॉटेलात वारला. मधल्या पासष्ट वर्षांत त्याने घरे पुष्कळ केली, पण त्यांतल्या एकातही तो फार काळ रमला नाही. असा माणूस मित्रांना भेटतो थोडा आणि लिहितो फार. मराठी वाचकाला याची कल्पना यायला कठीण जाऊ नये. जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या एकांतप्रिय लेखकाच्या पत्रांचे खंड आपल्यापाशी आहेतच.

ओनीलची उपलब्ध पत्रे तीन हजारांच्या वर असल्याचे अभ्यासक सांगतात. त्यांतून पाचशेहून अधिक पत्रे निवडून ट्रॅव्हिस बोगार्ड आणि जॅक्सन ब्रायर यांनी 1988 मध्ये, म्हणजे नाटककाराच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, एक जाडजूड संग्रह सिद्ध केला. त्याआधी 1982 मध्ये केनेथ मॅकगोवन या निर्मात्याला लिहिलेली, 1986 मध्ये सॅक्स कमिन्स या संपादकाशी झालेल्या पत्रव्यवहारातली आणि 1987 मध्ये जॉर्ज जीन नेथन या नाट्यसमीक्षकाला लिहिलेली पत्रे स्वतंत्र पुस्तकरूपाने आली होती. दुसरी पत्नी अ‍ॅग्नेस बोल्टन हिच्याशी झालेला पत्रव्यवहार मात्र 2000 सालापर्यंत थांबला. त्याविषयी पुढे येईलच.

सुरुवात करावी ती 1914 सालच्या उन्हाळ्यातल्या दोन पत्रांपासून. ओनील तेव्हा पंचविशीतला, कोठेच बस्तान न बसलेला तरुण. प्रिन्स्टन विद्यापीठातले शिक्षण एका वर्षात सुटलेले, खलाशी म्हणून भटकंती झालेली, दारूच्या गुत्त्यांत दिवस काढलेले, एक लग्न होऊन मोडलेले, आणि अखेरीस क्षयाची बाधा. 1912 च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो कनेटिकट राज्यातील गेलॉर्ड फार्म या आरोग्यधामात दाखल झाला आणि 1913 च्या जूनमध्ये बरा होऊन बाहेर पडला. तेथेच नाटके लिहिण्याचा निश्चय झाला. पुढच्या वर्षी तेथील डॉक्टरांना लिहिलेल्या पत्रात तो या मुक्कामाला आपला दुसरा जन्म म्हणतो, आणि वर अशी मखलाशी करतो की या जन्माला निदान आपली पूर्ण संमती तरी होती. विनोद खरा, पण पहिल्या जन्माविषयीची तक्रार त्यात दडलेली आहे, आणि ती तक्रार त्याला आयुष्यभर पुरली.

दुसरे पत्र हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज पिअर्स बेकर यांना लिहिलेले. बेकर नाट्यलेखनाचा वर्ग चालवीत. त्यात प्रवेश मिळावा म्हणून केलेला हा साधा अर्ज. परंतु अर्जदाराचा ताठा पाहण्यासारखा आहे. आपण एका प्रसिद्ध नटाचे चिरंजीव आहोत, रंगभूमी आतून-बाहेरून पाहिलेली आहे, हे तो सांगतो. आहे त्या तयारीवर एक बेताचा, मागणीनुसार माल पुरवणारा नाटककार होणे आपल्याला जमेल, परंतु तसे होण्याची इच्छा नाही. व्हायचे तर कलावंत, नाहीतर काहीच नाही, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. बेकर यांनी त्याला वर्गात घेतले. हेच बेकर पुढे येल विद्यापीठात गेले आणि 1926 मध्ये येलने ओनीलला सन्माननीय पदवी दिली, हा योगायोगही नोंदवण्याजोगा.

मागणीनुसार माल पुरवण्याची ही धास्ती आली कोठून? ती घरातूनच आली. वडील जेम्स ओनील हे एकेकाळी शेक्सपिअरच्या भूमिकांसाठी नावाजलेले नट. परंतु 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या नाटकाने त्यांना एवढा पैसा दिला की तीच एक भूमिका ते गावोगाव, वर्षानुवर्षे, हजारो वेळा करीत राहिले. 2 फेब्रुवारी 1920 रोजी मुलाचे 'बियॉन्ड द होरायझन' न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले तेव्हा ते प्रेक्षागृहात होते. या नाटकाच्या तालमींच्या काळात अ‍ॅग्नेस तान्ह्या मुलाला घेऊन प्रॉव्हिन्सटाउनच्या समुद्रकाठी राहिली होती आणि ओनील न्यूयॉर्कमधून तिला जवळजवळ रोज लिहीत होता. ही पत्रे म्हणजे नाटकाच्या धंद्याचा उत्तम धडा. नटांची कुरकुर, नेपथ्याची तारांबळ, निर्मात्याचा हात आखडता, दुपारचे प्रयोग. नाटक पडले अशीच नाटककाराची समजूत झालेली. वृत्तपत्रांनी मात्र ते उचलून धरले. पुलित्झर पारितोषिकही त्यालाच मिळाले.

आणि लगेच त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली पत्रे. न्यू लंडन या गावी जेम्स ओनील मरणशय्येवर आहेत आणि मुलगा त्यांच्या उशाशी बसून बायकोला पत्र लिहितो आहे. बोलणे अडखळू लागलेल्या म्हाताऱ्याने मुलाला सांगितले ते असे, की आपण सुखाने जातो आहोत, याहून बऱ्या अशा कोठल्यातरी जीवनाकडे. इथले हे सगळे नुसता फेस, पोकळ आणि नासके. ज्या माणसाने तीस वर्षे टाळ्या घेतल्या त्याचा आपल्या कारकिर्दीवरचा हा अभिप्राय! 10 ऑगस्ट 1920 रोजी ते वारले. या एका पत्राला ओनीलच्या सर्व पत्रांत पहिले स्थान द्यावेसे वाटते. वीस वर्षांनी लिहिलेल्या नाटकातला म्हातारा नट मध्यरात्री, दिवा मालवता मालवता, एका भरभराटीच्या नाटकाने आपला घात कसा केला ते मुलाजवळ कबूल करतो. त्या प्रवेशाचे बीज या पत्रात जसेच्या तसे सापडते.

व्यावसायिक पत्रे संख्येने सर्वांत जास्त आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांतली बरीचशी कंटाळवाणी आहेत. पैसे, करार, नटांच्या तारखा. तरी मॅकगोवनला लिहिलेल्या पत्रांत मुखवट्यांच्या वापराविषयी जे विचारमंथन चालते ते 'द ग्रेट गॉड ब्राउन' वाचणाऱ्याने टाळू नये. 1925 मध्ये आर्थर हॉब्सन क्विन या अभ्यासकाला पाठवलेल्या पत्रात तर ओनीलने आपली भूमिकाच मांडली आहे. लोक आपल्याला कधी वास्तववादी ठरवतात, कधी निराशावादी. आपला शोध आहे तो जीवनामागे उभ्या असलेल्या शक्तीचा, तिला नियती म्हणा वा ईश्वर म्हणा, आणि तिच्याशी झुंजताना हरणाऱ्या माणसाच्या वैभवाचा, असा त्याचा मथितार्थ. ग्रीक शोकांतिका वाचलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही; पण 1925 च्या ब्रॉडवेवर हे बोलणारा दुसरा कोणी नव्हता.

नेथनला लिहिलेल्या एका पत्राची कथा जरा वेगळी. 'डायनॅमो' या नाटकाविषयी लिहिताना, जुना देव मेला आहे आणि विज्ञानाला त्याची जागा भरता आलेली नाही, आजच्या नाटककाराने या दुखण्याच्या मुळाशी गेले पाहिजे, असे काहीतरी ओनीलने लिहिले. नेथनने ते छापून टाकले. 1929 च्या फेब्रुवारीत नाटक रंगभूमीवर येऊन साफ कोसळले, तेव्हा समीक्षकांनी नाटकापेक्षा त्या पत्राचाच समाचार घेतला. ओनील त्या वेळी युरोपात. तालमींनाही हजर नव्हता. मित्राला मोकळेपणाने लिहिलेले शब्द जाहीरनामा म्हणून वाचले गेले की काय होते, याचा पुरता अनुभव त्याला आला आणि पुढे तो अशा बाबतीत फार सावध झाला.

युरोपात तो गेला होता संसार मोडून. 1927 अखेर त्याने अ‍ॅग्नेसला कळवले की आपले कार्लोटा मॉन्टेरे या नटीवर प्रेम आहे. तेव्हा मुलगा शेन आठ वर्षांचा, मुलगी ऊना अडीच वर्षांची. आरंभीची पत्रे सौम्य आहेत. एकमेकांशी न भांडता दूर होऊ, अशी भाषा आहे. मग वकील आले, पोटगीचे आकडे आले, आणि त्याच लेखणीतून असे काही उतरू लागले की वाचवत नाही. ज्या बाईला 1920 मध्ये त्याने वडिलांच्या मरणाची वार्ता एवढ्या विश्वासाने लिहिली, तिच्याविषयी हा माणूस तिऱ्हाइतांना असे लिहितो? अनेक वर्षे वाचकांसमोर प्रामुख्याने त्याचीच बाजू होती. अ‍ॅग्नेसने 1958 मध्ये आठवणी लिहिल्या खऱ्या, पण त्या संसाराच्या आरंभकाळापुरत्या. विल्यम डेव्हिस किंग यांनी 2000 मध्ये दोघांचीही पत्रे शेजारी शेजारी छापली तेव्हा कोठे तिचे उत्तर ऐकू आले. पत्रसंग्रह एकतर्फी वाचणे म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाजवळ उभे राहून अर्धाच संवाद ऐकणे होय.

मुलांच्या बाबतीत हा अर्धा संवादही पुढे उरला नाही. थोरला युजीन, पहिल्या लग्नाचा, येलमध्ये ग्रीक शिकवी. 1938 मध्ये त्याने व्हिटनी ओट्स यांच्यासह समग्र ग्रीक नाटकांचे दोन खंड संपादित केले. शेनला लिहिलेल्या पत्रांत उपदेश फार. स्वतःच्या पायांवर उभा राहा, दुसऱ्याकडे पाहू नकोस. ज्याला वडील वर्षानुवर्षे भेटलेच नाहीत त्याने हा उपदेश कसा पचवावा? ऊनाने 1943 च्या जूनमध्ये, अठराव्या वर्षी, चार्ली चॅप्लिनशी लग्न केले. चॅप्लिन ओनीलपेक्षा नेमका सहा महिन्यांनी लहान. त्या दिवसापासून बापाने मुलीशी संबंध तोडला तो कायमचा, आणि मृत्युपत्रातून शेन व ऊना दोघांनाही वगळले. नाटकांतून बाप-लेकांच्या दुराव्याचा एवढा सखोल विचार करणारा हा माणूस घरात त्याच दुराव्याचा कर्ता व्हावा, याचा उलगडा पत्रे करीत नाहीत.

याच सुमारास हातही चालेनासा झाला. ओनील पेन्सिलीने लिहिणारा, आणि अक्षर आधीच मुंगीएवढे. कार्लोटा भिंगातून पाहून ते टंकलिखित करी. कंपवायू समजून उपचार चालले, पण विकार वेगळा होता. लहान मेंदू झिजत चालल्याचे शवविच्छेदनात दिसले आणि त्याचा तपशील 2000 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाटक दुसऱ्याला तोंडी सांगून लिहवून घेणे त्याला साधेना. 1935 पासून ज्या नाटकमालेविषयी तो लँग्नर आणि नेथन यांना उत्साहाने कळवीत होता, सात नाटके, मग नऊ, मग अकरा, ती अपुरी राहिली. तिचे बहुतेक खर्डे पती-पत्नींनी जाळून टाकले.

आता ज्या पत्रासाठी हा सारा प्रपंच. 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' हे आपल्या आईवडिलांवरचे आणि भावावरचे नाटक ओनीलने 1941 मध्ये पूर्ण केले. आईचे मॉर्फिनचे व्यसन, भावाची दारू, बापाचा चिक्कूपणा, स्वतःचा क्षय, सर्व काही त्यात होते. 1945 च्या नोव्हेंबरमध्ये हस्तलिखित मोहोरबंद करून रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेच्या स्वाधीन झाले. अट अशी की मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते छापावे आणि प्रयोग मात्र कधीच करू नये. ओनील गेल्यावर कार्लोटाने ते प्रसिद्ध करायचे ठरवले. तिचे म्हणणे असे, की ही अट थोरल्या मुलाच्या विनंतीवरून घातलेली होती आणि मुलगाच राहिला नाही तेव्हा अटही उरली नाही. थोरल्या युजीनने सप्टेंबर 1950 मध्ये आत्महत्या केली होती, हे खरे. परंतु 13 जून 1951 रोजी, म्हणजे मुलगा गेल्यानंतर नऊ महिन्यांनी, ओनीलने प्रकाशक बेनेट सर्फ यांना पत्र पाठवून तीच अट पुन्हा निःसंदिग्ध शब्दांत घातली आहे. पत्रावरची तारीख कार्लोटाचा दावा टिकू देत नाही.

सर्फ यांनी छापण्यास नकार दिला आणि मोठा नफा हातचा घालवला. प्रकाशकांना नावे ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे, तेव्हा हे मुद्दाम सांगितले पाहिजे. हक्क अखेर येल विद्यापीठाकडे गेले. 10 फेब्रुवारी 1956 रोजी स्टॉकहोमच्या राजेशाही नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, त्याच महिन्यात पुस्तक निघाले, आणि 1957 मध्ये मरणोत्तर चौथे पुलित्झर मिळाले. कार्लोटाने शब्द पाळला असता तर नाटक 1978 च्या अखेरीपर्यंत कोणी वाचले नसते आणि प्रयोग तर आजही झाला नसता. तिला दोष द्यावा, तर आपल्या हातात असलेले पुस्तक आड येते. देऊ नये, तर मरणाऱ्याची आज्ञा आड येते. सर्फ यांना लिहिलेले ते पत्र 1988 च्या संग्रहात त्याच्या तारखेच्या जागी छापलेले आहे, आणि त्या संग्रहाचे प्रकाशकही येल विद्यापीठच.