पडद्यावरचा शेवटचा क्षण



वसंताच्या उत्सवात मरणाविषयी बोलावयाचे म्हणजे लग्नाच्या मांडवात श्राद्धाचा विषय काढण्यासारखे आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु सामान्य माणूस आयुष्यात चारदोन मृत्यू जवळून पाहतो. पडद्यावर मात्र त्याने ते शेकड्यांनी पाहिलेले असतात. मरणारा माणूस काय बोलतो, जवळच्यांनी कसे वागावयाचे, दुःख किती दिवस करावयाचे, याचे शिक्षण आपल्याला नकळत चित्रपटगृहात मिळत असते. ते शिक्षण खरे आहे की खोटे, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

जुन्या नाटककारांनी या बाबतीत मोठा संयम पाळला होता. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये असा आपल्या संस्कृत नाट्यपरंपरेचा संकेत होता. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर प्राण सोडावयास लावले, त्याची चर्चा आजवर होते, ती या संकेतामुळेच. ग्रीक शोकांतिकेतही मृत्यू बहुधा पडद्याआड घडतो आणि दूत येऊन त्याची वार्ता सांगतो. पुढे मराठी रंगभूमीने हा संकेत सोडला. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’तील सिंधूच्या मरणावर महाराष्ट्राने किती अश्रू ढाळले, हे सांगावयास नको. तरीही नाटकातला प्रेक्षक पात्रापासून चारदोन हातांवर तरी बसलेला असतो. चित्रपटाने तेही अंतर नाहीसे केले. मरणाऱ्याचा चेहरा भिंतीएवढा मोठा करून आपल्या डोळ्यांपुढे धरण्याचे सामर्थ्य या कलेत प्रथमच आले.

या सामर्थ्याचा उपयोग बहुतेकांनी कसा केला, हे आपण जाणताच. जखमी नायक मित्राच्या मिठीत पडतो. गोळी कोठेही लागलेली असो, वाणी शुद्ध असते. राहिलेले सारे हिशेब तो चार वाक्यांत पुरे करतो, कोणाचा हात कोणाच्या हाती द्यावयाचा तो देतो, आणि शेवटच्या शब्दाबरोबर मान एका बाजूला टाकतो. त्यानंतर वाद्यवृंद सुरू होतो. आजारी नायिकेचेही तेच. रोगाचे नाव भयंकर असते. परंतु चेहऱ्यावरचे तेज आणि वेणीतली फुले यांना तो रोग शिवत नाही.

कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक नव्हे. हे मला मान्य आहे. माझी तक्रार तपशिलाच्या चुकीची नाहीच. हे चित्र मरणाचे सारे सार एका क्षणात साठवते आणि जो त्या क्षणी जवळ होता त्यालाच निरोप मिळाला असे ठरवते, ही माझी तक्रार आहे. प्रत्यक्षात काय घडते? दीर्घ आजाराने जाणारी अनेक माणसे शेवटचे तास, कधी शेवटचे दिवस, ग्लानीत असतात. श्वास अनियमित होतो, थांबतो, पुन्हा चालू होतो. अखेरचा शब्द म्हणावा असा शब्द बहुधा नसतोच. असलाच तर तो पाणी मागणारा, कूस बदला म्हणणारा, असा कोणता तरी साधा शब्द असतो, आणि तो अखेरचा होता हे आपल्याला मागाहून कळते. पुष्कळदा मुलगा औषध आणावयास खाली गेलेला असतो, सून डबा घेऊन वाटेत असते, परगावची मुलगी गाडीत असते. नेमके तेव्हाच सारे संपते. महिनोन् महिने उशाशी बसलेली ही माणसे पुढे वर्षानुवर्षे एकच वाक्य बोलतात: ‘मी शेवटच्या क्षणी नव्हतो.’ या बोचणीचा सारा दोष मी बोलपटावर टाकीत नाही. मुखी गंगाजल घालावयास जवळचे माणूस हवे, ही भावना बोलपटाहून कितीतरी जुनी आहे. परंतु तिला खतपाणी घालण्याचे काम पडद्याने मनःपूर्वक केले आहे.

आता दुसरी बाजू पाहू. जगातल्या थोर दिग्दर्शकांनी या क्षणाचे काय केले? जपानचे यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ सालचा. म्हातारे आईबाप मुलांना भेटावयास टोकियोला जातात आणि परत आल्यावर आई आजारी पडून जाते. तिचा शेवटचा श्वास ओझू दाखवीत नाहीत. पहाट झालेली आहे, म्हातारा बाहेर उभा राहून उगवतीकडे पाहत आहे, आणि बोलावू आलेल्या सुनेला एवढेच सांगतो की पहाट सुंदर होती, आज फार उकडणार. आक्रोश नाही, भाषण नाही. धाकटा मुलगा उशिरा पोचतो. देवळात मंत्रपठण चालू असता त्याला तेथे बसवत नाही, तो उठून बाहेर येतो. थोरली मुलगी मनसोक्त रडते, आणि जेवणाच्या वेळी आईची वस्त्रे आठवण म्हणून मागून घेते. ती दुष्ट आहे काय? मुळीच नाही. घरोघरी असेच असते. दुःख आणि व्यवहार एकाच ताटावर बसतात. हे दाखवावयास शेवटचा क्षण लागत नाही. त्यानंतरचा दिवस लागतो.

अकिरा कुरोसावा यांच्या ‘इकिरू’ (१९५२) या चित्रपटाची रचना याहून धाडसी आहे. वातानाबे हा सरकारी कचेरीतला वृद्ध अधिकारी. त्याला पोटाचा कर्करोग झालेला आहे. डॉक्टर मात्र किरकोळ व्रण असल्याचे सांगतात. रुग्णापासून सत्य लपविण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. उरलेल्या महिन्यांत तो एका गलिच्छ जागी मुलांसाठी बाग करवून घेतो. पण चित्रपट दोन तृतीयांश सरला असता निवेदक मध्येच सांगतो की नायक मरण पावला! पुढचा सारा भाग त्याच्या तसबिरीसमोर जमलेल्या सहकाऱ्यांचा आहे. ते पितात, वाद घालतात, बागेचे श्रेय कोणाचे यावर भांडतात, अखेर गहिवरून त्याच्यासारखे वागण्याच्या शपथा घेतात. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पूर्ववत फायली पुढे ढकलतात. बर्फ पडत असता झोपाळ्यावर बसून गाणारा वातानाबे आपल्याला दिसतो, तो एका पोलिसाच्या आठवणीतून. मेलेला माणूस इतरांच्या आठवणींत तुकड्यातुकड्यांनी उरतो आणि ते तुकडे जुळवणे म्हणजेच शोक, हे कुरोसावांनी एका शब्दाचा उपदेश न करता सांगितले.

आपल्याकडे सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’त (१९५५) दुर्गेचे मरण वादळी रात्रीत दाखविले, पण चित्रपटाचा कळस तेथे नाही. परगावी गेलेला बाप काही दिवसांनी आनंदाने परततो, आणलेल्या वस्तू बायकोपुढे मांडतो, त्यांत दुर्गेसाठी आणलेली साडी असते. ती हाती घेताच सर्वजया कोसळते. तिचे तोंड उघडलेले दिसते, परंतु तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तार-शहनाईचा आर्त स्वर आहे. यापुढे छोट्या अपूला दुर्गेने चोरलेली माळ सापडते. तो ती कोणाला न दाखविता तळ्यात फेकून देतो, आणि पाण्यावरचे शेवाळ पुन्हा मिटते. बहिणीची चोरी झाकणारा हा मुलगा जे करतो, त्याला आपल्या धर्मशास्त्रात नाव नाही. पण उत्तरक्रिया याहून निराळी ती काय असावयाची?

आता एका लोकप्रिय चित्रपटाकडे येऊ. कारण लोकप्रिय ते सारे खोटे, असे मला म्हणावयाचे नाही. हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ (१९७१) आपणा सर्वांना पाठ आहे. नायक मरणार हे आरंभीच ठाऊक असते, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक असते, ही त्याची थोरवी. अखेरीस डॉक्टर मित्र औषध आणावयास गेलेला असतो आणि आनंद जातो. म्हणजे येथेही शेवटचा क्षण चुकतो! परंतु मित्र आक्रोश करू लागताच टेपरेकॉर्डरमधून आनंदचा आवाज येतो आणि त्याला हाक मारतो. चित्रपटगृहातला प्रत्येक माणूस तेथे रडतो. का? उशिरा पोचलेल्या प्रत्येकाला ती हाक हवी असते म्हणून. जीवन ती देत नाही. ‘आनंद’ने ती दिली. हे सांत्वन आहे, आणि सांत्वन हेही कलेचे एक काम आहे. मात्र ते सांत्वन आहे, वस्तुस्थिती नव्हे, एवढी जाण आपण ठेवावी.

अलीकडची दोनच उदाहरणे देतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी खून आपल्याला दिसत नाहीत. आवाज थांबलेला असतो. लहान मूल घरात शिरते आणि रक्ताची पावले उमटवीत रडत बाहेर येते. गाण्यांवर ताल धरणारी चित्रपटगृहे तेथे सुन्न झाली. त्याच साली आलेल्या ‘मुक्ति भवन’मध्ये शुभाशीष भुतियानी यांनी निराळीच गंमत केली. आपला काळ जवळ आला असे म्हणणाऱ्या बापाला घेऊन मुलगा काशीला जातो, कचेरीतून रजा काढतो, त्या क्षणासाठी ताटकळतो; मरण मात्र वेळापत्रक पाळीत नाही. अखेर बापच त्याला घरी पाठवतो आणि मागाहून एकटाच जातो. तोवर बापलेकांत जे थोडे बोलणे झाले, ते झाले. खरा निरोप तोच.

तात्पर्य एवढेच. मरण दाखविणे कठीण नाही. त्याला एक नट आणि एक व्हायोलिन पुरते. मरणाआधीचे कंटाळवाणे दिवस आणि मरणानंतरचे रिकामे घर दाखविणे कठीण. ज्यांनी ते साधले त्यांच्या चित्रपटांत शेवटचा क्षण एकतर पडद्याआड असतो, मध्येच येऊन जातो, किंवा चुकतो. म्हणून आपल्यापैकी जे कोणी त्या वेळी औषध आणावयास खाली गेले होते, त्यांनी मनाशी एवढे धरावे: त्या आधीच्या रात्री आपण उशाशी होतो, पाय चेपले होते, पेज भरविली होती. निरोप तेव्हाच चालला होता. वाद्यवृंद नव्हता म्हणून तो आपल्या ध्यानात आला नाही.