चौथी वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पन्नाशी ओलांडलेला माणूस दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच पोरांबरोबर फासे टाकत बसतो, हे कळल्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मला हटकलं. ‘मियाँ, या उमरीत जुगार?’ मी म्हटलं, ‘चाचा, पैसा लावत नाही. अक्कल लावतो, आणि बहुतेक वेळा हरतो.’

हा खेळ माझ्या भाच्याने पुण्याहून आणला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्या घराण्यातला हा. यात एक सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘आता तू काय करशील?’ खेळाडू सांगेल ते घडतं. जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हा फासा टाकायचा. एकच गोष्ट महिनोन्‌महिने चालते.

आपल्याकडे मोक्षपट होताच. त्याचं श्रेय परंपरेने ज्ञानेश्वरांना दिलं जातं. सूफी मंडळींचाही तसाच एक पट आहे. त्याच्या घरांवर पाप-पुण्याची नावं असतात, पण कवड्या पडतील तिकडे सोंगटी जाते. चोरी करायची की नाही, हे खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही. या नव्या खेळात नेमकं तेच विचारतात.

भाच्याच्या पुस्तकात ड्रॅगन होते. आमच्या पोरांना ड्रॅगनचं काय कौतुक? त्यांनी गुलाबी बोंडअळी पाहिलेली. मग मी आमचीच गोष्ट रचली. बी.ए.ला माझा इतिहास होता, तो कामी आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलं. पुढे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. माझं गाव काल्पनिक, वऱ्हाडातलं, याच दिवसांतलं.

सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला चिठ्ठी दिली. या गोष्टीत काय येऊ नये ते लिहा, नाव घालू नका. पाचांपैकी तीन चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट होती. यवतमाळ जिल्ह्यात ती काय असेल, हे मी सांगायला नको. आम्ही नियम केला : या गावात कोणी आपला जीव देणार नाही.

गावात एक सावकार लागत होता. तो मी झटक्यात लिहिला. ढेरपोट्या, अंगठ्या घातलेला, खदाखदा हसणारा. भाच्याने वाचून कागद परत दिला. ‘मामू, हा माणूस नाही, पुतळा आहे. याला पाहिलं की कोणीही दगड मारेल. मग पोरांनी ठरवायचं काय?’ बोलणं झोंबलं, पण खरं होतं. मी पुन्हा बसलो. तीन ओळी लिहिल्या : याला काय हवं आहे, याला कशाची भीती आहे, हा काय लपवतो. आता तो व्याजावर व्याज लावणारा होताच. पण कोणाचं लेकरू आजारी पडलं तर मध्यरात्री दार उघडणाराही होता. आणि स्वतः मोठ्या पेढीचं देणं लागत होता, ते लपवत होता.

एका रविवारी पोरं रात्री त्याच्या वाड्यात शिरली आणि वही त्यांच्या हाती लागली. मी तयारी करून आलो होतो. तीन वाटा लिहून ठेवल्या होत्या : वही जाळतील, मामलेदाराकडे नेतील, किंवा ती दाखवून सावकाराशी सौदा करतील. प्रत्येक वाटेला एक पान.

‘जाळून टाकू नं!’ दोघं एकदम ओरडले. एक मुलगी गप्प होती. ती म्हणाली, ‘आधी वाचून तं पाहू.’ मी म्हटलं, वाच. तिने विचारलं, ‘सर, लोकांनी दागिने गहाण ठेवले असतील नं? कोणाचं काय आहे, हे या वहीशिवाय दुसरीकडे कुठं लिहिलं आहे?’

माझ्याकडे त्याचं पान नव्हतं.

खोलीत कोणी बोलेना. मग ती खेळातल्या आवाजात नाही, आपल्याच आवाजात म्हणाली, ‘पेरणीच्या आधी दरवर्षी आईची पोत जाते. एकदा पावती सापडत नव्हती. दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही.’

श्रोतेहो, मला माझी एक जुनी कविता आठवली. विशीत लिहिलेली. तिच्यात मी सावकाराची वही जाळली होती आणि कविसंमेलनात टाळ्या घेतल्या होत्या. घरी येऊन अम्मीला ती ऐकवली. ती एवढंच म्हणाली, ‘बेटा, मेरे तोडे उसी बही में लिखे थे.’ तेव्हा मी हसलो होतो. ते चांदीचे तोडे सुटायला दोन हंगाम लागले, हे मला नंतर कळलं. अम्मीच्या त्या वाक्याचा अर्थ कळायला मात्र तीस वर्षं लागली.

पोरांनी तासभर वाद घातला. अखेर ठरलं, गहाणाची यादी उतरून घ्यायची आणि मग वही जाळायची. एकजण म्हणाला, ‘नकलेवर अंगठा कोणाचा?’ त्याला उत्तर नव्हतं. वेळ पुरेल का, यासाठी फासा टाकला. वीस घरांच्या फाशावर चार पडले. अर्धी यादी झाली आणि उजाडलं. वही तशीच टाकून त्यांना पळावं लागलं.

वही जाळू पाहणारा एक मुलगा चिडून पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतरच्या रविवारी आला आणि बसता बसता म्हणाला, ‘सर, माझ्या माणसाचं कर्ज तसंच आहे नं?’ मी म्हटलं, ‘आहे.’ तो म्हणाला, ‘मग चालू करा.’ कोण बरोबर होतं, ते मी सांगितलं नाही. सूत्रधाराने निकाल द्यायला सुरुवात केली की खेळ संपतो आणि शाळेचा तास सुरू होतो.

पोरं काय निवडतील, हे आधी ओळखण्याचा नाद मी आता सोडला आहे. कवीला शेवटची ओळ आधी सुचते आणि मग तो सगळी कविता तिकडे हाकतो. ती सवय इथे मोडावी लागली. आता मी माणसं नीट तयार करतो. त्यांची गरज आणि भीती ठाऊक असली, की पोरांनी कोणतीही वाट धरली तरी ती माणसं काय करतील, हे सुचतं.

आणखी एक गोष्ट. सुप्याच्या दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावर काय लिहिलं आहे तेवढंच न पाहता, त्यामागचा सगळा हिशेब तपासण्याची मुभा त्याने न्यायालयाला दिली. म्हणजे सरकारलाही अखेर वही वाचावीच लागली. हे मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग आधीच वाचायची होती नं.’

पुढच्या रविवारी आमच्या गावात मृग लागणार आहे. तीन वाटा मी लिहून ठेवल्या आहेत. चौथीसाठी एक पान कोरं सोडलं आहे.