जुनी होडी आणि तिची देखभाल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या होडीबद्दल बोल’ असं सांगितलं. शेलूची मुलगी आणि शिडाची होडी, हे ऐकून पुष्कळांना हसू येतं, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे पाणी म्हणजे उल्हास नदी. आणि होड्या म्हटलं की आठवतात त्या २०१९च्या जुलैमधल्या. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली, तेव्हा प्रवाशांना काढायला रबरी होड्या आल्या होत्या. बाकी समुद्र आपल्याला दिसायचा तो शाळेच्या सहलीत.

माझी होडी ‘एंटरप्राइझ’ जातीची आहे. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ मध्ये ही होडी काढली. लांबी सव्वातेरा फूट, माणसं दोन, इंजिन नाही, शिडं निळी. ज्याला थोडंफार सुतारकाम येतं त्याला घरी प्लायवूडमध्ये बांधता यावी, हा मूळ हेतू. आपल्या देशातही ती बरीच वर्षं वापरात आहे. माझ्या एका मैत्रिणीने आणि मी मिळून आठ वर्षांपूर्वी ती घेतली, जुन्या स्कूटरच्या किमतीत. आमच्या आधी तिचे निदान तीन मालक झालेले.

मुंबई बंदरात शिडाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद. कोळी बांधवांचंही तसंच असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्या. मधल्या दिवसांत जाळी विणणं, फळ्या बदलणं, रंग देणं चालू असतं. आपल्याला हे नवीन नाही. मृगाच्या आधी कौलं परतायची, गोठा शाकारायचा, बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचं, हे आपण सगळ्यांनी घरात पाहिलं आहे. त्याला कुणी ‘मेंटेनन्स’ म्हणत नव्हतं, एवढंच.

यंदा आम्ही होडी टेम्पोत घालून शेलूला, आमच्या पडवीत आणली. मुंबईपासून रेल्वेने ऐंशी किलोमीटरच्या आसपास आत, समुद्राचा वारासुद्धा पोहोचत नाही तिथे. आळीतले सगळे एकदा येऊन बघून गेले. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय गं, नदीत सोडणार का?” पण बाबांनी हात मागे बांधून होडीभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, “हिला कुजवतं कोण? खारं पाणी का?”

प्रश्न अगदी बरोबर होता. लाकडाची होडी खाऱ्या पाण्याने फारशी कुजत नाही, मीठ कुजवणाऱ्या बुरशीला मानवत नाही. कुजते ती पावसाच्या गोड्या पाण्याने. झाकण नीट नसलं की कोपऱ्यात ओंजळभर पाणी साठतं, वारा लागत नाही, आणि वरून रंग चकचकीत असताना आतलं लाकूड भुसभुशीत होतं. ते ओळखायचं कसं? पेचकसाच्या मुठीने इंच-इंच ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं बद्द वाजतं. कलिंगड घेताना करतो तसंच. बाबा आणि मी दोन रविवार तेच केलं. बाबांचा कान माझ्यापेक्षा चांगला निघाला.

होडीच्या मधोमध एक उभी पेटी असते. त्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे वाऱ्याने होडी आडवी सरकत नाही. त्या पेटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लाकूड बद्द वाजलं. तेवढा तळ कापून नवीन प्लाय बसवणं भाग होतं. तेही साधं चालत नाही, आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय लागतं, कारण त्याच्या थरांमधला डिंक पाण्यात सुटत नाही. पितळी स्क्रू काढले तर काही हातातच तुटले. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतो तो गुलाबीसर ठिसूळ सापळा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवर चिंधी फिरवली की तुटलेला धागा चिंधीला अडकतो. एक धागा तुटला की तार बदलायची, उरलेल्या धाग्यांवर भरवसा ठेवायचा नाही. पुढचं काम मात्र थांबलं. आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत इपॉक्सी आणि रंग नीट धरत नाहीत. म्हणून ते दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात केलं.

एकूण खर्च अडतीस हजार झाला. होडी विकली असती तर तेवढे आले नसते. मैत्रीण म्हणाली, “विकून टाकू या, फायबरची घेऊ.” तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुनं आहे म्हणून जपायचं, असं माझंही मत नाही. माझी नोकरीच जुन्या प्रणाली सांभाळण्याची आहे, आणि काही प्रणाली बंद करा असा सल्ला मीच दिलेला आहे. आम्ही दोघींनी तीन प्रश्न कागदावर मांडले. हिचा वापर आहे का? हिचं काम जाणणारं माणूस आहे का? आणि पुढच्या वर्षीचा खर्च कोण देणार? गेल्या हंगामात आम्ही एकवीस दिवस पाण्यात होतो. काम आता आम्हाला येतं. खर्च दोघींनी वाटून घ्यायचा ठरला. तीनही उत्तरं आली, म्हणून होडी राहिली. एकाचं जरी उत्तर आलं नसतं, तरी मी ती विकायला तयार होते.

या तीन प्रश्नांतला पहिला किती महत्त्वाचा, हे मुंबईतच बांधलेल्या एका होडीने दाखवलं आहे. तिचं नाव ‘सुहेली’. बत्तीस फुटी, सागवानी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथहून ती हाकारली आणि २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, तिथेच परत आणली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. वाटेत होडी गळायला लागली, तेव्हा त्याने स्वतः पाण्यात उतरून, तळाखाली बुडी मारून, फटींत कापूस ठासला आणि वरून पट्टी ठोकली. पुढे नव्वदच्या दशकात ‘सुहेली’ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवली. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसायला लागल्या. दक्षिणेच्या महासागराने जे केलं नाही ते छपराखालच्या हवेने केलं. शेवटी २००२ मध्ये त्याने ती बाहेर काढली, दुरुस्त केली आणि पुन्हा पाण्यात नेली.

आता मी हे सगळं आज का सांगते आहे, ते बोलते. सरांची परवानगी घेऊन सकाळी मी आपल्या शाळेची संगणक खोली पाहिली. आपल्या आधीच्या एका तुकडीने दिलेले बारा संगणक तिथे आहेत. सात बंद आहेत, स्वच्छ कापडाखाली झाकलेले. मी चार उघडून पाहिले. दोघांचा पॉवर सप्लाय गेलेला, एकाची मेमरी सैल, एकात पालीची अंडी. इन्व्हर्टरची बॅटरी संपलेली. यात शाळेचा दोष नाही आणि देणाऱ्यांच्या मनातही खोट नव्हती. फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

आपला निधी जमतो आहे, आणि नवीन दहा संगणक व एक संगमरवरी पाटी असा बेत ठरतो आहे. माझी विनंती वेगळी आहे. आधी ते सात चालू करू. नवीन घ्यायचेच तर चारच घेऊ. उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवू आणि तिच्या व्याजातून दरवर्षी बॅटरी, सुटे भाग आणि वीजबिल भागवू. आपल्यापैकी चौघांनी महिन्यातून एक शनिवार आळीपाळीने द्यावा. एक वही ठेवावी. काय बिघडलं, काय बदललं, किती लागले, सगळं त्यात लिहावं. आणि आठवी-नववीच्या मुला-मुलींच्या हातात पेचकस द्यावा. पडवीत होडीचं काम चाललं होतं तेव्हा आळीतल्या दोन मुली रोज यायच्या. आज त्या दोघी बद्द आवाज ओळखतात.

पाटी लागली नाही तर फोटो कमी निघतील, हे मला मान्य आहे. पण खोलीत मुलं बसलेली दिसतील.

चौघांच्या यादीत पहिलं नाव माझं लिहा. जानेवारीचा पहिला शनिवार मी घेतला. उरलेली तीन नावं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या, वही मी आणली आहे.