ज्वालामुखीच्या उतारावरचं गाव



डोंगरातून आग बाहेर पडते, हे तुम्हाला खरं वाटेल काय? अशा डोंगराला ज्वालामुखी म्हणतात. इटली देशात सिसिली नावाचे बेट आहे. तिथं एटना नावाचा ज्वालामुखी आहे. उंची सुमारे ११,००० फूट. तो अजून जागा आहे. आमचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, म्हणून आम्हा उभयतांना तो पाहण्याचा योग आला.

एटनाच्या उतारावर झाफेराना हे लहानसे गाव आहे. गाव अगदी शांत. चौकात चर्च, म्हणजे त्यांचं देऊळ. म्हातारी माणसं गप्पा मारीत बसलेली. दुकानात मध विकायला. आणि वर डोंगर धूर सोडतोय! आमच्या पोटात धस्स झालं. सौ. म्हणाल्या, "ही माणसं इथं राहतात तरी कशी?"

तर ऐका. डिसेंबर १९९१ मध्ये डोंगर फुटला. वितळलेला दगड वाहू लागला. त्याला लाव्हा म्हणतात. तो गावाच्या रोखाने आला. लोकांनी देवाचा धावा केला. पण हातावर हात ठेवून कुणी बसले नाही. मातीचा मोठा बांध घातला. लाव्हा बांधावरून आला. पुन्हा बांध घातले. शेवटी मे १९९२ मध्ये वर डोंगरात सुरुंग लावून लाव्हा दुसरीकडे वळवला. शेतकरी दारं मोडून पाटाचं पाणी वळवतो ना, तसंच! काही बागा गेल्या, घरं गेली. पण गाव वाचलं. मार्च १९९३ मध्ये तो लाव्हा थांबला.

तो काळा दगड आम्ही हातात घेतला. आपल्या सह्याद्रीचा कातळही लाव्ह्याचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपली कपाशीची काळी जमीन त्याच दगडाची झाली. झाफेरानाच्या लोकांनाही डोंगरानेच कसदार माती दिली. ती सोडून जावं कुठं? म्हणून ते राहतात, पण डोळे उघडे ठेवून. शास्त्रज्ञ रात्रंदिवस यंत्रांनी डोंगरावर नजर ठेवतात.

आम्हाला आमची चूक आठवली. एका पावसाळ्यात नदीला पूर येणार, असा इशारा आला होता. आम्ही म्हटलं, "बघू सकाळी." रात्रीत शाळेत पाणी शिरलं. जनरल रजिस्टरं भिजली. कित्येक मुलांच्या जन्मतारखा वाहून गेल्या.

नदी असो की डोंगर, त्याच्याजवळ राहावं खुशाल. पण इशारा आला, की "बघू" म्हणू नये.