शिवनेरीच्या पायथ्याची माणसे



जुन्नर-आंबेगावची थोर माणसे कोण, असे कोणी विचारले की आपले बोट आधी शिवनेरीकडे जाते. जाणारच! १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय याच गडावर जन्मले. पण तेवढे सांगून आपण गप्प बसलो, तर पायथ्याच्या रयतेला काय नावगावच नव्हते? आज आम्ही त्या रयतेची नावे घेणार आहो.

जांभोरीचा होन्या केंगले घ्या. महादेव कोळ्यांतला खातापिता माणूस. सावकार आपल्या गरीब भाऊबंदांना नागवतात हे पाहून १८७३ साली तो बंडाला उठला. टोळी जमवली, सावकारांना लुटले, कित्येकांची नाके कापली. १८७६ साली इंग्रजांनी त्याला पकडले. नाके कापण्याचे गोडवे आम्ही गात नाही. पण घरी भाकरीची ददात नसता दुसऱ्याच्या भाकरीसाठी रानात जाणारा गडी लहान कसा म्हणावा?

आणि महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद! जन्म १९०८ चा, घर गरीब शेतकऱ्याचे. पोट मुंबईला घेऊन गेले, गिरणीत कामाला लागला. ना पुढारी, ना वकील. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या बाजूला परदेशी कापडाने भरलेला ट्रक निघाला आणि हा पोरगा रस्त्यात आडवा झाला. ट्रक थांबला नाही, अंगावरून गेला. वय अवघे बावीस! स्वतः कापडाच्या गिरणीत राबणाऱ्याने कापडापायी जीव द्यावा, याचा अर्थ समजायला पुस्तक लागत नाही.

१९५६ साली मुंबई कोणाची हा वाद पेटला, तेव्हा भांडवलाचे आकडे फार ऐकू येत. अहो, घामाचे आकडे कुणी मांडायचे? जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या गावांकडचे डबेवाले मुंबईला वेळेवर जेवू घालत आले. १ मे १९६० ला राज्य झाले, मुंबई आपली झाली. तिकडे जाणारी आपली वाट मात्र काही मोडली नाही. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे, ते जुने गावसुद्धा डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला, आणि नाव तेवढे पाण्याखालच्या गावाचे!

आता विठाबाई. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. पण नाव लावले नारायणगावचे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरची ही लेक. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभी राहिली, कळा आल्या तशी आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आली, असे सांगतात. ऐकणारे वाहवा करतात. आम्हाला मात्र ते ऐकून लाज वाटते. त्या रात्री खेळ बंद ठेवा, असे म्हणणारे कोणीच नव्हते काय? १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला; अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. १५ जानेवारी २००२ ला बाई गेली. पुढे सरकारने तिच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलेच केले, पण तिला त्याचा काय उपयोग?

यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. यंदा सुपारी ठरवताना घासाघीस थोडी कमी करा, आणि बायामाणसांना निवारा, पाणी, दवाखाना यांची सोय गावाने काय केली, हेही त्याच बैठकीत बोला. आणखी एक. ज्यांच्या घरी जुन्या फडांचे फोटो असतील, हँडबिले असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जांभोरीकडच्या म्हाताऱ्या माणसांना होन्याच्या काही गोष्टी ठाऊक असतील, तर शाळेतल्या पोरांना वही घेऊन त्यांच्याकडे बसवा, पावसाळ्याआधी बसवा.